बटण दाबताच फ्यूज का उडतो?

प्रवरा नदीच्या काठच्या खेड्यांत राहणाऱ्यांना एक दृश्य चांगलेच ओळखीचे आहे. शेतात ऊस उभा आहे, विहिरीवर मोटार बसवलेली आहे आणि शेतकरी बांधावर बसून ‘लाईट’ची वाट पाहत आहे. वीज येते. चहूबाजूंनी मोटारींचा घुमघुमाट ऐकू येतो आणि क्षणार्धात पुन्हा सारे शांत! “ट्रिप झाली,” असे म्हणून शेतकरी पुन्हा खाली बसतो. दोन मिनिटांनी वीज परत येते आणि या खेपेस ती टिकते. मधल्या दोन मिनिटांत कोणी काही दुरुस्त केलेले नसते. मग पहिल्या खेपेस बिघडले होते तरी काय?

हाच प्रश्न मला एकदा शाळेत भेटला. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवीत होतो. गावात विजेचा दाब कमी-जास्त होई, म्हणून प्रयोगशाळेत एक मोठा स्टॅबिलायझर ठेवलेला होता. त्याचे बटण दाबले की कधी नुसता ‘घूं’ असा आवाज येई, तर कधी ‘फट्‌’ असा आवाज होऊन भिंतीवरचा फ्यूज उडे. आठवडा आठवडा काही होत नसे आणि मग एखाद्या दिवशी लागोपाठ दोनदा फ्यूज जाई. तार नवी घातली की तोच स्टॅबिलायझर दिवसभर बिनतक्रार चाले.

एके दिवशी फ्यूज उडणे एकाएकी थांबले. मला आनंद झाला, पण शंकाही आली. मेन स्विच बंद करून मी चिनी मातीचा तो फ्यूज, ज्याला वायरमन ‘किटकॅट’ म्हणतात, काढून पाहिला. आत फ्यूजच्या बारीक तारेऐवजी तांब्याची चांगली जाड तार पिळून बसवलेली होती! शिपाईमामांनी आपल्या परीने रोजची कटकट मिटवली होती. एक मिलिमीटर जाडीची तांब्याची तार वितळण्यासाठी सुमारे ८० अँपिअर प्रवाह लागतो. तेवढा प्रवाह वाहू लागला, तर फ्यूजच्या आधी भिंतीतील वायरिंगच पेट घेईल. फ्यूज उडण्याचा त्रास गेला होता, पण त्याबरोबर शाळेचे संरक्षणही गेले होते.

ती तार मी काढून टाकली. मात्र मुलांनी विचारले, “सर, स्टॅबिलायझर चांगला आहे, वायरिंग चांगले आहे, मग फ्यूज का उडतो? आणि कधीकधीच का उडतो?” या दोन प्रश्नांची उत्तरे आज आपण शोधू.

ट्रान्सफॉर्मरच्या पोटात

स्टॅबिलायझरच्या पोटात एक ट्रान्सफॉर्मर असतो. सरकारी कागदपत्रांत त्याला रोहित्र म्हणतात. पोलादाच्या पातळ पत्र्यांचा एक गाभा आणि त्यावर तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे, अशी त्याची रचना असते. वेढ्यांतून प्रत्यावर्ती प्रवाह वाहिला, की गाभ्यात चुंबकीय बलरेषा निर्माण होतात. त्या सतत कमी-जास्त होतात आणि आपली दिशाही बदलतात.

१८३१ साली मायकेल फॅरडे यांनी लोखंडी कड्यावर दोन गुंडाळ्या घालून जो शोध लावला, तो तुम्ही वर्गात शिकला आहात. गुंडाळीतील विद्युतदाब हा बलरेषांच्या संख्येवर अवलंबून नसतो. ती संख्या किती वेगाने बदलते यावर अवलंबून असतो. हेच वाक्य आता उलटे करून वाचा. गुंडाळीला आपण बाहेरून विद्युतदाब दिला, तर गाभ्यातील बलरेषा किती वेगाने वाढाव्या किंवा घटाव्या हे तो दाब ठरवतो. कोठून सुरुवात करायची, हे मात्र तो ठरवत नाही.

सारी गंमत या शेवटच्या वाक्यात आहे. ते नीट समजावे म्हणून आपण थोडा वेळ मैदानावर जाऊ.

मैदानावरची कवायत

या प्रयोगाला वीज लागत नाही. मैदानावर फक्कीने एक लांब सरळ रेषा आखा. तिच्या मध्यावर शून्याची खूण करा. शून्यापासून दोन्ही बाजूंना आठ आठ पावलांवर एकेक मुलगा उभा करा. ही दोन मुले म्हणजे दोन भिंती.

आता एका विद्यार्थ्याने शिट्टीच्या ठोक्यावर चालायचे आहे. पहिले सहा ठोके पुढे जायचे, नंतरचे सहा ठोके मागे यायचे, आणि हेच पुन्हा पुन्हा करायचे. प्रत्येक ठोक्याला किती पावले टाकायची तेही ठरलेले आहे : १, २, ३, ३, २, १. म्हणजे सुरुवात सावकाश, मध्ये वेग आणि शेवटी पुन्हा सावकाश. सहा ठोक्यांत एकूण बारा पावले होतात. मागे येतानाही तोच क्रम.

पहिली खेप अशी करा. विद्यार्थ्याने शून्यावर उभे राहावे आणि चालण्याची सुरुवात चौथ्या ठोक्यापासून, म्हणजे वेग सर्वांत जास्त असताना करावी. तो ३, २, १ अशी सहा पावले पुढे जाईल. मग बारा पावले मागे येईल, म्हणजे शून्याच्या पलीकडे सहा पावलांवर पोहोचेल. पुन्हा बारा पावले पुढे. तो दिवसभर चालला तरी शून्याच्या दोन्ही बाजूंना सहा सहा पावलांतच राहील. भिंती आठव्या पावलावर आहेत, त्यामुळे त्यांना त्याचा धक्का लागणार नाही.

आता दुसरी खेप. विद्यार्थी पुन्हा शून्यावरच उभा आहे, पण या वेळी तो पहिल्या ठोक्यापासून सुरुवात करतो. १, २, ३, ३, २, १ अशी सगळी बारा पावले तो पुढेच जाऊ पाहील. नऊ पावले होतात न होतात तोच तो भिंतीवर आदळेल! चालण्याचा नियम तोच, पावले तीच. फरक फक्त सुरुवात कोणत्या ठोक्यावर झाली एवढाच.

ट्रान्सफॉर्मरमध्ये अगदी हेच घडते. प्रत्येक ठोक्याला टाकलेली पावले म्हणजे त्या क्षणाचा विद्युतदाब. विद्यार्थी जेथे उभा आहे ती जागा म्हणजे गाभ्यातील बलरेषांची संख्या. बारा ठोक्यांचे एक आवर्तन म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन, ज्याला एका सेकंदाचा पन्नासावा भाग, म्हणजे २० मिलिसेकंद लागतात. घरातील विजेचा दाब आपण २३० व्होल्ट म्हणतो. प्रत्यक्षात तो शून्यापासून सुमारे ३२५ व्होल्टच्या शिखरापर्यंत चढतो, उतरतो आणि उलट दिशेने तेवढाच जातो. दाब शिखरावर असताना बटण दाबले गेले, तर आपली पहिली खेप होते आणि काहीच गडबड होत नाही. दाब शून्यावर असताना दाबले गेले, तर दुसरी खेप होते आणि बलरेषा नेहमीच्या दुप्पट होऊ पाहतात.

ही भिंत कसली?

पोलादाचा गाभा बलरेषांना वाट करून देतो, म्हणून अगदी थोड्या प्रवाहात पुष्कळ बलरेषा निर्माण होतात. पण या मदतीला मर्यादा आहे. पोलादातील सारे सूक्ष्म चुंबकीय भाग एका दिशेला वळले, की ते आणखी मदत करू शकत नाहीत. यालाच गाभा संपृक्त झाला असे म्हणतात. पाण्यात मीठ विरघळवताना एका मर्यादेनंतर ते तळाशी बसू लागते, तसाच हा प्रकार.

आकड्यांत पाहू. चुंबकीय क्षेत्राची तीव्रता टेस्ला या एककात मोजतात. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात नेहमीच्या कामात ती सुमारे १.३ टेस्लापर्यंत चढते. पोलाद संपृक्त होते सुमारे २ टेस्लाला. आणि दाब शून्यावर असताना बटण दाबले, तर दुप्पट म्हणजे २.६ टेस्लाची मागणी होते! २ टेस्लाच्या पुढे गाभा असून नसल्यासारखा. मग उरलेल्या बलरेषा केवळ प्रवाहाच्या जोरावर निर्माण कराव्या लागतात, आणि त्यासाठी प्रचंड प्रवाह वाहू लागतो. तो पूर्ण भाराच्या प्रवाहाच्या १० ते १५ पटही होऊ शकतो. १ किलोव्होल्ट-अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भाराचा प्रवाह साधारण ४.३ अँपिअर, त्याची ही उसळी ४३ पासून ६५ अँपिअरपर्यंत जाऊ शकते. दुय्यम गुंडाळीला काहीही जोडलेले नसले तरी! अभियंते या उसळीला ‘इनरश करंट’ म्हणतात.

दैवाचा खेळ दोनदा

आता ‘कधीकधीच का?’ या प्रश्नाकडे वळू. विजेचा दाब दर १० मिलिसेकंदांनी एकदा शून्यावर येतो. डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात दाबाची दहा-पंधरा शून्ये येऊन जातात. तेव्हा आपले बोट बटण नेमके कोणत्या क्षणी दाबणार, हे आपल्या हाती मुळीच नसते. तो झाला दैवाचा पहिला खेळ.

दुसरा खेळ आदल्या दिवशीच होऊन गेलेला असतो. ट्रान्सफॉर्मर बंद केल्यावर गाभ्यात थोडे चुंबकत्व शिल्लक राहते. त्याला अवशिष्ट चुंबकत्व म्हणतात. ते किती आणि कोणत्या दिशेचे, हे बंद करण्याच्या क्षणावर ठरते. मैदानावर पुन्हा या. समजा विद्यार्थी शून्यावर नसून आधीच चार पावले भिंतीच्या बाजूला उभा आहे. पहिल्या ठोक्यापासून निघाला तर तो चार अधिक बारा, म्हणजे सोळाव्या पावलापर्यंत जाऊ पाहील. तोच विद्यार्थी उलट्या बाजूला चार पावलांवर उभा असेल, तर तो आठव्या पावलावर येऊन भिंतीला जेमतेम टेकेल. म्हणून एकच स्टॅबिलायझर, एकच बटण आणि एकच फ्यूज, पण निकाल रोज वेगळा.

एक गोष्ट अजून राहिली. ही उसळी आपोआप शमते कशी? भिंतीच्या दिशेने जाताना प्रचंड प्रवाह वाहतो, तेव्हा दाबाचा काही भाग तारेच्या रोधातच खर्च होतो. त्यामुळे त्या दिशेची पावले किंचित लहान पडतात. परतताना प्रवाह थोडा, म्हणून पावले पूर्ण. असे करता करता विद्यार्थ्याची ये-जा हळूहळू शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखी होते. लहान ट्रान्सफॉर्मरमध्ये याला काही आवर्तने पुरतात. फार मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये कित्येक सेकंद लागतात.

बिचारा फ्यूज मात्र या पहिल्या काही मिलिसेकंदांतच सापडतो. ज्यूलच्या नियमाप्रमाणे उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दहापट झाला तर उष्णता शंभरपट. बारीक तारेला तेवढा झटकाही पुरतो.

ज्यांच्या उजव्या व डाव्या हाताचा नियम तुम्ही पाठ करता, त्या जॉन ॲम्ब्रोझ फ्लेमिंग यांनीच १८९२ साली ट्रान्सफॉर्मरवरील आपल्या प्रयोगांत या उसळीची नोंद केली होती. म्हणजे हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

डी.पी. आणि फीडर

आता सुरुवातीच्या शेतकऱ्याकडे परत जाऊ. श्रीरामपूर, राहुरी आणि आजूबाजूच्या तालुक्यांतील खेड्यांना १९७० च्या दशकापासून २०११ पर्यंत मुळा-प्रवरा ही वीज सहकारी संस्था वीज पुरवीत असे. त्यानंतर हे काम महावितरणकडे आले. संस्था बदलली, पण शेतातला ट्रान्सफॉर्मर तोच. गावकरी त्याला डी.पी. म्हणतात. ११,००० व्होल्टचा दाब उतरवून तो मोटारीला चालेल इतका करणे, हे डी.पी.चे काम.

समजा उपकेंद्रातून निघणाऱ्या एका फीडरवर अशा ४० डी.पी. आहेत. बारी संपून वीज आली, की उपकेंद्रातील एकाच स्विचने चाळीसही ट्रान्सफॉर्मर एकाच क्षणी चालू होतात. शिवाय वीज तीन फेजांची. तिन्ही फेजांचे दाब एकाच वेळी शिखरावर कधीच नसतात, त्यामुळे कोणत्या ना कोणत्या फेजमध्ये उसळी ठरलेलीच. तशात पुष्कळ शेतकरी मोटारीला ‘ऑटो स्विच’ लावतात. वीज येताच मोटार आपोआप सुरू होते. मोटारही सुरू होताना नेहमीच्या सहा-सात पट प्रवाह घेते आणि पूर्ण वेग येईपर्यंत काही सेकंद घेत राहते. ट्रान्सफॉर्मरची उसळी आणि मोटारींची ओढ एकत्र झाली, की उपकेंद्रातील रिले समजतो, कोठेतरी तारा चिकटल्या! आणि तो फीडर बंद करतो. ऑटो स्विच काढा, असे महावितरण वारंवार सांगते त्यामागे हे कारण आहे.

दुसऱ्या खेपेस अवशिष्ट चुंबकत्व वेगळे, स्विच पडण्याचा क्षण वेगळा, त्यामुळे कधी कधी वीज टिकते. न दुरुस्त करता दुरुस्त होण्याचे रहस्य ते हे.

उपाय कोणते?

उपाय शोधताना ध्यानात ठेवा : दोष फ्यूजचा नाही, सुरुवातीचा आहे. म्हणून फ्यूज जाड करायचा नाही. सुरुवात सौम्य करायची.

पहिला उपाय रोधाचा. ट्रान्सफॉर्मरच्या वाटेत सुरुवातीला, समजा, ५० ओहमचा रोध ठेवला, तर प्रवाह ३२५ भागिले ५०, म्हणजे साडेसहा अँपिअरच्या वर जाऊच शकणार नाही. अर्ध्या सेकंदात बलरेषांची ये-जा सारखी झाली, की एक रिले त्या रोधाला बगल देतो आणि ट्रान्सफॉर्मरला पूर्ण दाब मिळतो. रिले कधी अडकून बसला, तर रोध तापून जळू नये याचीही सोय करावी लागते.

रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर वापरतात तो ‘सिरीज बोर्ड’ याच जातीचा. त्यात यंत्राच्या वाटेत एक विजेचा दिवा असतो. १०० वॅटच्या जुन्या तारेच्या दिव्याचा रोध तापल्यावर सुमारे ५२९ ओहम असतो. थंड असताना मात्र त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. ट्रान्सफॉर्मर चालू करताच दिवा क्षणभर चमकतो आणि उसळी शमली की विझतो. दिवा लागूनच राहिला, तर कारागीर समजतो की आत खरोखर बिघाड आहे. उसळी आणि बिघाड यांतला फरक दिवा असा दाखवून देतो.

दुसरा उपाय थर्मिस्टरचा. हा दिव्याच्या अगदी उलट वागतो. थंड असताना त्याचा रोध जास्त, तापल्यावर कमी. त्यामुळे रिलेची गरज उरत नाही. पण त्याचा एक दोष आपल्या खेड्यांत फार जाणवतो. वीज क्षणभर जाऊन लगेच परत आली, तर थर्मिस्टर अजून गरमच असतो आणि उसळी अडवायला कोणी उरत नाही.

तिसरा उपाय योग्य संरक्षण निवडण्याचा. थोडा वेळ झटका सोसणारे संथ फ्यूज मिळतात. फ्यूजऐवजी एम.सी.बी. असेल, तर तिच्या जाती असतात. बी जात ठरलेल्या प्रवाहाच्या ३ ते ५ पटीला, सी जात ५ ते १० पटीला आणि डी जात १० ते २० पटीला तत्काळ पडते. ट्रान्सफॉर्मरसाठी डी जात त्याचमुळे आहे. जाड तारेत आणि यांत मोठा फरक आहे. संथ फ्यूज क्षणाचा झटका सोसतो, पण जादा प्रवाह वाहतच राहिला तर तुटतो. जाड तार तुटतच नाही.

चौथा उपाय क्षण निवडण्याचा. राहाता तालुक्यातील बाभळेश्वरला ४०० किलोव्होल्टचे मोठे उपकेंद्र आहे. इतक्या उच्च दाबाच्या प्रचंड ट्रान्सफॉर्मरसाठी आता असे स्विच मिळतात, की प्रत्येक फेजचा स्विच यंत्र स्वतः मोजून, दाब शिखराजवळ असतानाच जोडते. आपल्या बोटाला जे जमत नाही, ते त्याला जमते. आणि रिलेही आता शहाणे झाले आहेत. उसळीची लहर एकाच बाजूला झुकलेली असते, म्हणून तिच्यात १०० हर्ट्झचा, म्हणजे दुप्पट वारंवारतेचा अंश मोठा असतो. बिघाडाच्या प्रवाहात तो फारसा नसतो. तो अंश ओळखून मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा रिले ठरवतो, की हा बिघाड नाही, थोडे थांबावे.

आमच्या शाळेत आम्ही काय केले? एका जाणत्या वायरमनकडून रोध आणि रिले यांची जोडणी करून घेतली आणि किटकॅटमध्ये पुन्हा बारीक तार घातली. त्या तारेकडे बोट दाखवून शिपाईमामा मुलांना सांगत, “ही तुटते म्हणून शाळा वाचते.” विजेच्या संरक्षणाचा सारा धडा त्या एका वाक्यात आहे. तुमच्या घरी, शाळेत किंवा डी.पी.वर फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर जाड तार शोधू नका; कारण शोधा. आणि विजेच्या जोडणीला स्वतः हात लावू नका. ते काम जाणकाराचे.

विचार करा

१. कवायतीत विद्यार्थी शून्यावरून दुसऱ्या ठोक्यापासून निघाला, तर तो पुढे व मागे कोठपर्यंत जाऊ पाहील? भिंतीला धडकेल का?

२. शेगडीसाठी दाब शून्यावर असताना बटण दाबले जाणे चांगले. ट्रान्सफॉर्मरसाठी तेच वाईट. असे का?

३. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असते. तेथील ट्रान्सफॉर्मर तेवढ्याच व्होल्टच्या, पण ५० हर्ट्झच्या विजेवर चालवला, तर त्याच्या गाभ्यातील बलरेषा वाढतील की कमी होतील? मैदानावर सहाऐवजी सात ठोके घेऊन पाहा, उत्तर पावलांतच सापडेल.